ट्रिल येईपर्यंत

सूर चढतो, चढतो, आणि ऐन टोकाला थांबतो. शिंक येण्याआधी माणूस थांबतो तसा.

पियानोच्या पोटात पंधरा वॅटचा दिवा.

एक वाल्ट्झ, पण लंगडा. एक, दोन, मग जरा वाट पाहायला लावून तीन.

चहात मीठ.

नुसत्या डाव्या हाताची धून. उजवा हात कडेला उभा, लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा.

हवेत थांबलेला हात. पट्ट्यांपासून वीतभर वर.

॰

"साला डाबरे, मला मारायला बोलावला काय तू?"

फ्रेनीबाईंनी कप बशीत आपटला आणि रुमालात थुंकल्या. मी माझ्या चहाचा घोट घेतला. खारट. जोकिम डाबरे सर मात्र आपला कप शांतपणे पीत होते. चहा त्यांनीच केला होता.

"माझी चूक," सरांची बायको, इझाबेल काकी, आतून म्हणाली. "सकाळी डबे धुतले, साखर-मिठाची अदलाबदल झाली." तिने आमचे कप उचलले आणि जाता जाता सरांच्या हातातला अर्धा कपही काढून घेतला.

वसईला सरांच्या घरी मी नवव्या वर्षापासून जात होते. आता चोवीसची होते, वांद्र्याच्या एका शाळेत संगीत शिकवत होते. सरांची शेवटची विद्यार्थिनी मी. माझ्यानंतर त्यांनी कुणाला घेतलं नाही. ते डबे मला ठाऊक होते. साखरेचा काचेचा, मिठाची चिनी मातीची बरणी. आंधळ्यालाही चुकायचे नाहीत.

फ्रेनी बिलिमोरिया म्हणजे सरांची जुनी सोबतीण. दोघं तरुणपणी मुंबईत एकाच मास्तरांकडे पियानो शिकली. पुढे फ्रेनीबाई मोठ्या घरात लग्न करून गेल्या आणि संगीताच्या आश्रयदात्या झाल्या. सर हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी वाजवत राहिले, मग स्टुडिओत सिनेमांच्या पार्श्वसंगीताला, मग वसईला परत येऊन शिकवत राहिले. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी गायली जाणारी निम्मी गीतं त्यांची होती. गाणाऱ्यांना ती कुणाची हे माहीत नव्हतं. सरांना त्याचं काही वाटत नसे. "पाणी कुठल्या विहिरीचं, हे तहानलेला विचारतो का?" म्हणायचे.

"ऐक," फ्रेनीबाई म्हणाल्या. "हॉल घेतला मी. रविवारची सकाळ. दोन पियानो आहेत तिकडे, दोन्ही एक नंबर. तुझा तो कॉन्सर्टो तू वाजवते. आता नाही बोलायचं नाही."

"कॉन्सर्टोत पियानोसमोर अख्खा ऑर्केस्ट्रा लागतो, फ्रेनी."

"ही पोरगी आहे ना ऑर्केस्ट्रा! दुसऱ्या पियानोवर बसव."

सरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साठ माणसांचा ऑर्केस्ट्रा, आणि वजन एवढंसं."

"जेवते पण कमी," फ्रेनीबाई म्हणाल्या. "मला परवडते."

सर हसले. मग पियानोजवळ जाऊन खाली वाकले आणि पेडलांच्या बाजूची फट पाहिली. फटीतून पिवळी रेघ दिसत होती. ते उगाच तसं पाहत, गॅस बंद आहे ना हे आपण पाहतो तसं. आमच्याकडे समुद्राची दमट हवा. पियानोतलं लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. म्हणून आत छोटा दिवा लावून ठेवायचा, त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. सरांचा दिवा रात्रंदिवस असे. नाताळात काकीच्या माहेरी जायचे तेव्हा शेजाऱ्याला सांगून जायचे: घरात चोर शिरला तरी चालेल, दिव्याकडे लक्ष ठेव.

"वाजवतो," सर वाकल्या वाकल्या म्हणाले.

॰

काकी मला मागे बावखलाकडे, वाडीतल्या तळ्याकडे घेऊन गेली. पाण्यावर केळीची पानं वाकली होती. ती पायरीवर बसली, मला बसवलं.

"डबे मी नाही बदलले."

"कळलं मला."

"मिस्साच्या प्रार्थनेत ऑर्गनवर बसले होते. त्यांचंच गीत. मधेच हात थांबले. लोक गात राहिले, कुणाला कळलं नाही. मला कळलं. डॉक्टर म्हणाला, हे विसरणं वाढत जाणार." तिने पाण्यात एक खडा टाकला. "मला हा कार्यक्रम नको होता गं. पण ते ऐकायचे नाहीत. आयुष्यभर कॉन्सर्टोचं ते बाड कपाटात ठेवलं. आता वाजवलं नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही माहीत आहे."

"मी काय करू?"

"अडकले तर सांभाळून घे. लोकांनी चुकचुकायला नको. मरण चालेल त्यांना, कीव नाही चालायची."

मी हो म्हटलं.

॰

आणि सरांनी मला काय सांगितलं ते हे.

कॉन्सर्टोच्या शेवटच्या भागात एका जागी ऑर्केस्ट्रा एका मोठ्या आघातावर थांबतो आणि पियानो एकटा वाजत राहतो. त्याला कॅडेन्झा म्हणतात. सरांच्या हस्तलिखितात त्या जागी पान कोरं होतं.

"सर, इथे काय आहे?"

"काही नाही. जुने लोक असंच सोडायचे. वाजवणाऱ्यावर विश्वास होता त्यांचा."

"पण लिहिणारेही तुम्हीच, वाजवणारेही तुम्हीच."

"म्हणून तर. स्वतःवर विश्वास ठेवायला जागा ठेवली."

"मग ऑर्केस्ट्रा म्हणून मी परत कधी यायचं?"

सरांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. शेजारशेजारचे दोन स्वर, आलटून पालटून, इतक्या भरभर की दोन वाटेनात. एकच थरथरणारा सूर. "ट्रिल. एकटा वाजवणारा हिंडून फिरून दमला की ट्रिल वाजवतो. दारावरची घंटा ती. ऐकलीस की तू यायचं. त्याआधी नाही."

"आणि ट्रिल आलीच नाही तर?"

"ऑर्केस्ट्रातला माणूस काय करतो? पगार घेतो आणि बसून राहतो. तूही बस. हात मांडीवर. ट्रिल येईपर्यंत हात मांडीवर."

"पण तुम्ही—"

"फिलू." ते क्वचितच आवाज चढवत. "मी एकटा असताना कुणी मधे आलेलं मला आवडत नाही."

तालमीत ते कॅडेन्झा दर वेळी तसाच वाजवायचे. आधी त्यांच्या एका गीताची चाल, मग डाव्या हाताने सावकाश चढत जाणं, मग ट्रिल. मी यायचे. एकदाही चूक झाली नाही. दोनदा त्यांनी मला ग्रेटा म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

॰

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. सरांची एक पद्धत होती. नवा विद्यार्थी आला की ते काही आठवडे त्याचे हात नुसते पाहायचे, आणि मग त्याच्यासाठी अर्ध्या पानाचा एक तुकडा लिहायचे. फक्त त्याच्यासाठी. शिकवणी सुरू करताना आधी तो वाजवायचा. माझ्या तुकड्यात सगळी मेहनत चौथ्या बोटाची होती. "तुझं चौथं बोट म्हणजे सासरी आलेली नवी सून," सर म्हणायचे. "सगळं घर राबतंय आणि ही दाराआड." तुकडा दुसऱ्या कुणाला ऐकवायचा नाही, दुसऱ्याचा मागायचा नाही. "टूथब्रश आहे तो," म्हणायचे. एकाची शिकवणी संपून तो फाटकाबाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला आत घेत नसत. पंधरा वर्षांत मी माझ्याशिवाय एकही तुकडा ऐकला नव्हता.

॰

रविवारी पहाटे टॅक्सी दारात आली. सरांनी काळा कोट घातला होता. खांद्यावर तो आता ढगळ होत होता. काकी आणि मी मागे बसलो. सर पुढे बसले आणि लगेच उतरले.

"रुमाल राहिला."

ते आत गेले. काकीने माझ्याकडे पाहिलं. रुमाल त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशातच होता, टोक बाहेर आलेलं. थोड्या वेळाने ते आले, बसले, दार ओढून घेतलं.

"मिळाला?" काकीने विचारलं.

"हो."

॰

हॉल भरला होता. मला वाटलं होतं तुरळक माणसं असतील. दोन पियानो समोरासमोर ठेवले होते, त्यामुळे मान उचलली की मला सर दिसत. पहिल्या रांगेत काकी, मांडीवर पर्स. शेजारी फ्रेनीबाई, मोत्यांच्या माळेसकट.

पहिला भाग नीट गेला. दुसरा भाग अतिशय सुंदर गेला. तालमीत कधी गेला नव्हता इतका. मी ऑर्केस्ट्रा होते, आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की मी खरंच साठ माणसं आहे.

तिसरा भाग. आघात. मी थांबले.

हात मांडीवर.

सरांनी गीताची चाल घेतली, तालमीतल्यासारखीच, मग डावा हात चढू लागला, आता ट्रिल येईल म्हणून मी बोटं सैल केली आणि ट्रिल आली नाही, डावा हात वरून वळून खाली आला आणि हॉटेलातल्या नाचाची एक धून सुरू झाली, ती अर्ध्यात तुटली, तिच्या जागी काहीतरी पोरकट, दोन बोटांचं, बालवाडीतलं वाटावं असं, मग तेही सुटलं आणि एक वाल्ट्झ आला ज्याचं तिसरं पाऊल दर वेळी उशिरा पडत होतं, मला वाटलं हात अडखळतायत, मग सूर चढत चढत जाऊन ऐन टोकाला थांबू लागले, थांबले, पुन्हा चढले, पुन्हा थांबले, हे चुकतंय, मी स्वतःशी म्हणाले, हे कुठलंच कुठल्याला लागत नाहीये, मागे एक खुर्ची करकरली, कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज केला आणि मला वाटलं झालं, लोकांना कळलं, आणि आता सरांचा उजवा हात पट्ट्यांवरून उतरून गुडघ्यावर आला आणि डावा एकटाच चालत राहिला, एकटाच, अंधारात भिंत चाचपत चालावं तसा.

डावा हात थांबला.

शांतता. लांबत गेलेली.

सरांनी उजवा हात उचलला. तो पट्ट्यांपासून वीतभर वर आला आणि तिथेच थांबला. डोळे मिटलेले होते. हात खाली येईना.

मी काकीकडे पाहिलं. तिने पर्सचा पट्टा मुठीत आवळला होता. तिने होकाराची मान हलवली. एकदाच.

मी मांडीवरचा हात उचलला आणि ट्रिल वाजवली.

ऑर्केस्ट्राने स्वतःच स्वतःला बोलवायचं नसतं. जगातला कुठलाही ऑर्केस्ट्रा ते करत नाही. पण ते दोन स्वर मी थरथरवत राहिले, माझ्या पियानोवर, सरांच्या जागी. त्यांनी डोळे उघडले. समोरून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. रस्त्यात आपलं नाव घेऊन कुणी हाक मारली की आपण वळतो, तसं. मग त्यांचा हात खाली आला आणि त्यांनी माझी ट्रिल माझ्याकडून घेतली. ती त्यांच्याकडे गेल्यावर मी सोडली, आणि ऑर्केस्ट्रा म्हणून आत आले.

आम्ही एकत्र संपवलं. लोक उभे राहिले.

॰

मागच्या खोलीत सरांना खुर्चीवर बसवलं. काकीने त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला. फ्रेनीबाई आल्या, सरांच्या टकलावर ओठ टेकले, म्हणाल्या, "साला, एवढी वर्षं लपवलं? देव तुला विचारील." मग बाहेर जाऊन व्हरांड्यात रडत बसल्या.

मी दारात उभी होते. माणसं भेटायला येत होती. त्यातला एक काठी टेकत आला, पायाला लोखंडी पट्ट्या, बँकेतला साहेब असावा असा पोशाख.

"तुम्ही फिलोमिना ना? मी विलास चुरी. सरांकडे होतो, तुमच्या कितीतरी आधी." त्याचे डोळे लाल होते. "तो वाल्ट्झ माझा."

"कुठला वाल्ट्झ?"

"लंगडा. मी पोरगा होतो तेव्हा लिहिला. मी चिडलो होतो, म्हटलं माझी टिंगल करता? ते म्हणाले, मूर्खा, तीनवर सगळं जग तुझी वाट पाहतंय, याला टिंगल म्हणतात होय?"

त्याच्या मागे एक लठ्ठशी बाई होती. ती पुढे आली. "शिंकेचा माझा. मला सारख्या शिंका यायच्या हो, वाजवता वाजवता. त्यांनी त्या शिंकांना जागा करून दिली." ती हसली आणि तिला मधेच हसू आवरलं नाही, रडू आवरलं नाही. "मी ग्रेटा. आधी ते पहिलंवहिलं दोन बोटांचं वाजलं ना, तो आमचा नेल्सन, माझा भाऊ, घरी चोरून वाजवायचा. दुबईला असतो. काय म्हणाला असता तो आज!"

"डाव्या हाताचा कुणाचा?" विलासने विचारलं.

"रॉबीचा. डावखुरा रॉबी, माझ्यानंतर यायचा, फाटकावर माझे केस ओढायचा. बघा, तो तिकडे खांबाला टेकून उभा आहे, अजून बोलता येत नाहीये त्याला." ग्रेटा बोटांवर लावू लागली. "नेल्सन, तुम्ही, मी, रॉबी. अगदी ओळीने घेतले हो सरांनी. माझा झाल्यावर मी मनात म्हटलं, आता रॉबी. आणि रॉबीच आला. रॉबीनंतर..." ती थांबली. "रॉबीनंतर कोण होतं?"

विलासने माझ्याकडे पाहिलं.

मी आत गेले.

॰

परतताना टॅक्सीत सर मागे माझ्याशेजारी बसले, काकी पुढे. खाडीचा पूल आला तेव्हा दुपारचं ऊन पाण्यावर होतं. सर खिडकीतून बाहेर पाहत होते.

"सर, रॉबीनंतर काय वाजवणार होता?"

त्यांनी खिडकीवरून नजर काढून स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"हात वर होता," ते म्हणाले. "तुझा कसा सुरू होतो ते शोधत होतो."

"सापडला होता?"

"सापडत होता." मग थोड्या वेळाने, "तुझी ट्रिल चांगली होती. चौथं बोट वापरलंस?"

"नाही. दुसरं आणि तिसरं."

"तरीच."

काकी पुढे ताठ बसून रस्त्याकडे पाहत होती. मी सरांचा उजवा हात घेतला, माझ्या मांडीवरच्या बाडावर पालथा ठेवला, आणि त्याच्या पाठीवर माझ्या बोटांनी माझा तुकडा वाजवला. पूर्ण. अर्ध्या पानाचाच तर होता. चौथ्या बोटाच्या जागी चौथं बोट लावलं. सर लक्ष देऊन ऐकत होते. मान एका बाजूला कललेली, शिकवणीत असायची तशी.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणी लिहिला?"

पुढच्या सीटवर काकीचा हात तिच्या डोळ्यांकडे गेला.

"माझ्या सरांनी," मी म्हणाले.

"त्यांना सांग, शेवट जरा सावकाश हवा."

॰

त्यानंतर सर पियानोजवळ बसले नाहीत. पावसाळ्यात पट्ट्या फुगल्या. मी मुंबईहून दुरुस्तीला माणूस आणते म्हटलं, काकी नको म्हणाली. सर गेले तेव्हा देवळात त्यांचंच गीत गायलं गेलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाद्रींनी सांगितलं की ते कुणाचं आहे. बरीच माणसं मागे वळून एकमेकांकडे पाहू लागली. ग्रेटा आली होती, विलास आला होता. रॉबीने ऑर्गन वाजवला.

आता मी शिकवते. नवीन मूल आलं की काही आठवडे त्याचे हात नुसते पाहते. शेवट मी सावकाश लिहिते.

त्या रविवारी पहाटे रुमालासाठी म्हणून सर परत आत गेले, तेव्हा त्यांनी पियानोतला दिवा बंद केला होता.